जाणूनबुजून लिहिलेली चूक

असत्य लिहिणे हे पाप होय, असे ज्या परंपरेत बालपणापासून मनावर ठसविले जाते, तिच्यातच दर्शनकारांनी विरुद्ध मत, ते त्याज्य असल्याचे पुरते ठाऊक असताना, आपल्या सिद्धान्ताआधी शक्य तितक्या समर्थपणे मांडण्याचा प्रघात पाडला आणि त्यास पूर्वपक्ष म्हटले. संगणकाच्या व्यवहारातही हा पूर्वपक्ष आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेली गिट ही प्रणाली लेखनातील फेरफारांची दप्तरे राखते. तिने कसे वागावे याच्या आज्ञा एका लहानशा कॉन्फिग फाइलीत असतात. परीक्षक त्या फाइलीत मुद्दाम एखादा चौकोनी कंस उघडा ठेवतात, आणि प्रणालीने ती नाकारून सदोष ओळीचा क्रमांक सांगितला, तरच ती कसोटीस उतरली असे मानतात. यातही एक मार्मिक भेद केलेला आहे: चूक पाहून प्रणालीने नकार दिला तर ठीक, परंतु ती स्वतःच कोसळली तर अनुत्तीर्ण. (आपल्याकडील कित्येक धर्मरक्षकांना ही कसोटी जड जाईल.)

फसविण्याचा हेतू नसल्याने असले खोटे अधर्म्य नव्हे, हे मला मान्य आहे. अवघड प्रश्न निराळाच आहे. त्याच फाइलीत स्वतःच्या जागी परक्याचे नाव नीटनेटके लिहिले, तर गिट ते निमूटपणे स्वीकारते; कारण राखण असते ती रूपाची, सत्याची नव्हे. धर्मग्रंथांच्या राखणीचेही तसेच आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे ज्या ग्रंथास गुरुपद दिले, त्यातील पदांच्या अखेरीस क्रमांक आणि बेरजा लिहिलेल्या आहेत, त्यामुळे मागाहून एखादे पद घुसडणे दुष्कर. तथापि पठण करणाऱ्याच्या अंतःकरणातील खोट कोणत्या बेरजेने उघडकीस यावी? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. अपपाठ ओवीत चपखल बसला असेल, तर तेथे छंद निवाडा करीत नाही, तो अर्थ जाणणाऱ्यासच करावा लागतो.

सुघटित असत्यास हरकत घेणारा माणूसच लागतो, हे महसुली कायद्याने ओळखले आहे. एखाद्या जमिनीचा फेरफार गाव नमुना ६ मध्ये कितीही बिनचूक लिहिलेला असो, संबंधितांना नोटीस जाऊन हरकतीस १५ दिवसांची मुदत मिळते, आणि मगच मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो.