निम्म्या किमतीच्या गाईचे दात

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण चांगली आहे, माझे तिच्याशी भांडण नाही. कोणी फुकट गाय दिली तर तिच्या तोंडात वाकून बघणे हे असभ्यपणाचे आहेच, शिवाय गाईलाही ते आवडत नसावे. पण आपल्या पूर्वजांनी एक प्रश्न तसाच सोडून दिला. गाय निम्म्या किमतीत मिळाली असेल तर काय करायचे? निम्मे दात मोजायचे? आणि कोणते निम्मे? गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात मुळातच नसतात. तेव्हा तुम्ही तक्रार केलीत, तर विकणारा सरळ सांगू शकेल की, “साहेब, वरचे सवलतीत कापले.”

प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पण साडी, चपला, गाद्या, सगळेच हल्ली सवलतीत मिळते. पूर्ण किमतीला घेतलेली अशी आमच्या घरात कढीलिंबाखेरीज वस्तू नसेल. (तोही पूर्वी भाजीवर फुकट मिळत असे.) मग आपण आयुष्यभर दात न मोजताच राहायचे की काय?

आमच्यापुढे हा प्रश्न थाळीच्या रूपाने आला. वर्तमानपत्रात घालून एक गुलाबी पत्रक आले होते. नवे भोजनगृह, अस्सल मराठी जेवण, अमर्याद थाळी, दर ४८० रुपये, आणि उद्घाटनानिमित्त, पत्रक आणणाऱ्यास पन्नास टक्के सूट. आम्ही चौघे निघालो. मी, ही, कॉलेजात जाणारी आमची कन्या आणि माझी आई. १९२० चे ९६० होणार, वर पाच टक्के जीएसटीचे ४८, एकूण १००८. हा हिशेब मी बसच्या रांगेतच करून टाकला. बँकेतल्या माणसाला हिशेब करू नको म्हणणे म्हणजे न्हाव्याला समोरच्याच्या डोक्याकडे बघू नको म्हणण्यासारखे आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जेवणही थोडक्यातच होते. पुऱ्या आल्या त्या बसलेल्या. फुगण्याची उमेद त्यांनी कढईतच सोडली असावी. मसालेभात गार. अळूवडी घशाला खवखवली. “चिंचेत काटकसर केलीय,” असे आईने निदान केले. बासुंदी म्हणून जे आले ते दूध होते, गोड होते, फक्त आटायचे राहिले होते. अमर्याद होती ती एकटी आमटी. वाढपी पोरगा भाजी मागितली की “आणतो” म्हणून जाई आणि आमटी घेऊन येई.

आता बोलायचे की नाही?

“गप्प बसा हं,” ही म्हणाली. “अर्ध्या पैशात आलोय आपण. स्वस्तातलं खायचं आणि वर तोंड करून बोलायचं? लोक बघतायत.”

आई म्हणाली, “अन्नाला नावं ठेवू नयेत.” चिंचेचे निदान करणे म्हणजे नावे ठेवणे नव्हे, असा तिचा सूक्ष्म भेद होता.

कन्या म्हणाली, “बाबा, पैसे दिलेत ना आपण? मग?” पैसे मी द्यायचे होते, पण तत्त्व तिचे होते.

हिच्या म्हणण्याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. (लग्नाला वीस वर्षे झाली की माणूस आपोआप करतो.) पैसे कमी मोजले तर अपेक्षाही कमी ठेवावी, हे ऐकायला न्यायाचे वाटते. आणि काही ठिकाणी ते खरेही आहे. ‘सेकंड्स’चा शर्ट घेताना दुकानदार आधीच सांगतो की शिलाई तिरकी आहे. तिथे खोट सांगितलेली आहे आणि सवलत त्या खोटीची किंमत आहे. घरी येऊन शिलाई तिरकी निघाली म्हणून ओरडणारा माणूस मूर्ख. पण गुलाबी पत्रकावर ‘पुऱ्या बसलेल्या मिळतील’ असे छापलेले नव्हते. तो गृहस्थ २४० रुपयांची थाळी २४० ला देत नव्हता. ४८० ची थाळी २४० ला देत होता. आणि ती तरी का देत होता? आमची दया येऊन नव्हे. आम्ही यावे, चार लोकांना सांगावे, म्हणून. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला हे जास्त स्पष्ट दिसते. त्याच्या खतावणीत आम्ही दानधर्माच्या खात्यावर नव्हतो, जाहिरातीच्या खात्यावर होतो.

बी. कॉम.ला आम्हाला मर्कंटाइल लॉचा पेपर होता. सगळे विसरलो, एक घोडा तेवढा लक्षात राहिला. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, पंचविसाव्या कलमाखाली तो उभा आहे. हजार रुपयांचा घोडा एकाने राजीखुशीने दहा रुपयांना विकायचे कबूल केले. करार पक्का की कच्चा? पक्का. मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही. आमच्या मालकाच्या कपाळाला तर कोणी पिस्तूल लावलेले नव्हते, पत्रक त्यानेच छापले होते. घोडा लंगडा निघाला तर काय, हे आम्हाला परीक्षेत विचारले नाही.

ते पुढे ग्राहक संरक्षण कायद्याने विचारले. हा कायदा १९८६ साली आला, आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेतो तो ग्राहक. सवलतीत घेतो तो अर्धा ग्राहक, असे त्यात कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालय तर याच्याही पुढे गेले. इस्पितळांच्या बाबतीत १९९५ साली त्यांनी असा निकाल दिला की, जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट तपासतात, तिथे फुकटवालाही या कायद्यापुरता ग्राहकच. अळूवडी त्या मानाने किरकोळ, पण न्याय तोच.

तरीसुद्धा आपण बोलत नाही, आणि त्याचे कारण कायद्यात नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ सहकुटुंब बसले होते. त्यांच्याकडे गुलाबी पत्रक नव्हते, म्हणजे ते पूर्ण ४८० मोजणार होते. त्यांच्याही पुऱ्या बसलेल्या, त्यांनाही आमटीच आमटी. (आमच्यासाठी वेगळे रांधले असेल ही माझी शंका फिटली, आणि खोटे कशाला बोलू, बरेही वाटले.) मला वाटले, हे आता बोलतील. ते हूं की चूं करेनात. मुलांना उलट सांगत होते, “बघ, घरच्यासारखं आहे की नाही!” तेव्हा मला उलगडा झाला. अर्धे पैसे देणारा बोलत नाही, कारण त्याने अर्धेच दिले. पुरे देणारा बोलत नाही, कारण पुरे देऊन आपण फसलो हे त्याला बायकोपुढे कबूल करायचे नसते. किमतीचा तक्रारीशी काही संबंधच नाही. आपल्याला भीती असते ती हावरट दिसण्याची, नाहीतर बावळट दिसण्याची.

मी काउंटरच्या आतल्या बाजूला वीस वर्षे बसतो, म्हणून मला हे सोडवत नाही. आमच्या शाखेत एक बाई येतात. चार घरी धुणीभांडी करतात. खाते असे की त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, आणि ठेवण्याइतकी नसतेही. एकदा त्या पासबुक घेऊन आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे सतरा रुपये सत्तर पैसे कशाचे?” एसेमेसचा आकार आणि त्यावरचा कर, असे ते सतरा सत्तर होते आणि चुकून कापले गेले होते. आमचे हेड कॅशियर माझ्या कानाशी पुटपुटले, “खात्यात शून्य आणि तोरा बघा!” बाईंनी ते ऐकले असावे. त्या म्हणाल्या, “भाऊ, थोडे आहेत. पण माझेच आहेत ना?” मी उलट नोंद करून घेतली, पैसे जमा झाले, त्यांनी पासबुक पुन्हा भरून घेतले आणि ती ओळ दोनदा बघून मगच उठल्या.

हेड कॅशियरचे वाक्य आणि हिचे “अर्ध्या पैशात आलोय आपण” ही दोन वाक्ये मला त्या थाळीपुढे शेजारी शेजारी बसलेली दिसली. ज्याने कमी दिले त्याने कमी बोलावे, हे एकदा मान्य केले की ते पुऱ्यांवर थांबत नाही. रेशनचे धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळते. त्यात खडे निघाले तर कार्डवाल्याने खडे निवडत गप्प बसायचे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर तक्रार ऐकायला जिल्ह्याजिल्ह्यात अधिकारी ठेवण्याची तरतूद केली आहे. आम्ही चौघे अळूवडी न खाता जगलो असतो. त्या बाईंचे तसे नाही. आमच्यासारख्यांनी चारशे ऐंशीच्या थाळीवर गप्प बसायची सवय लावून घेतली, की तीच सवय आपण त्यांच्याकडून हक्काने मागतो.

तेव्हा बोलायचे ठरले. कोणाशी, याबद्दल मात्र मी काटेकोर आहे. वाढप्याशी नाही. त्या पोराने पुऱ्या लाटल्या नव्हत्या, पत्रक छापले नव्हते. त्याला टिप द्यायची ती निम्म्या बिलावर की पुऱ्या, असे कन्येने विचारले. मी पुऱ्या बिलावर दिली. ताटे त्याने अर्ध्या वाटेपर्यंत आणलेली नव्हती.

मी गल्ल्यावर गेलो. ही बाहेर जाऊन पानाच्या ठेल्यापाशी, आपण यांच्याबरोबरच्या नव्हेत, अशा चेहऱ्याने उभी राहिली. मालक तिशीतला होता. मी हळू आवाजात सगळे सांगितले. त्याने माझ्या खांद्यावरून आमच्या टेबलाकडे पाहिले. चारी ताटे लख्ख! पानात टाकायचे नाही हा आईचा दंडक असल्यामुळे पुरावा आम्हीच खाल्लेला होता.

“साहेब, कूपनवर होतं ना,” तो म्हणाला.

“कूपन किमतीवर होतं,” मी म्हणालो. “चिंचेवर नव्हतं.”

तो भांडेल असे मला वाटले होते. तो स्टुलावर बसला. म्हणाला, आचारी आठ दिवसांपूर्वी सोडून गेला, पत्रके तोवर वाटून झाली होती. “सकाळपासून दीडशे पानं उठली. बोलणारे तुम्ही पहिले. मला वाटलं, जमतंय आपल्याला.” मग त्याने एक बिल उलटे करून पेन काढले आणि विचारले, “चिंच म्हणजे किती घालायची?”

हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नव्हता. मी मागे पाहिले. अन्नाला नावे न ठेवणारी माझी आई एव्हाना गल्ल्याला टेकून उभी होती. “आधी पानाच्या शिरा काढतोस का तू?” तिने विचारले. तो नाही म्हणाला. आईने खुर्ची मागवली. बेसन किती, गूळ केव्हा, वळकट्या किती वेळ उकडायच्या, असे करत करत गाडी पुऱ्यांवर आली, तेव्हा बाहेरून ही आत आली आणि म्हणाली, “अहो, पीठ सैल भिजवलंय त्यांनी, घट्ट हवं.”

वीस मिनिटे हे चालले. त्यात आमची शेवटची बस गेली. चौघांना दोन रिक्षा कराव्या लागल्या. त्यांना सवलत नव्हती.