खेळ, सराव आणि वेळेची अमानत

गेल्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण मशिदीच्या ओट्यावर माझी वाट पाहत थांबला होता. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो, नमाजचा पाबंद आहे, लहानपणी मकतबमध्ये माझ्याकडेच शिकलेला. तो म्हणाला, ‘‘मौलाना, मी मोबाईलवर बीजीएमआय खेळतो. खेळणे जायज की नाजायज, हे विचारायला आलो नाही. ते तुम्ही पूर्वी समजावून सांगितले आहे. माझा प्रश्न निराळा आहे. रोज तास-दीड तास मी खेळतो आणि बहुतेक वेळा हरतो. चांगले खेळायचे तर वेगळा सराव करावा लागतो. त्यासाठी रोज आणखी दोन तास हवेत. ते द्यावेत का? तुम्हीच जुम्याच्या बयानात म्हणाला होतात की मुसलमानाने जे करायचे ते उत्तम करावे.’’

या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. पुढच्या जुम्याला बोलू, असे सांगून मी त्याला घरी पाठवले. त्या आठवड्यात जे सुचले ते आपल्यापुढे ठेवतो, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपल्या बहुतेक घरांत तो न विचारताच रोज सोडवला जातो.

पैसे लावून खेळायचे खेळ हा येथे विषयच नाही. तो जुगार आहे आणि कुरआनने मद्याच्या जोडीने त्याला निषिद्ध ठरवले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेनेही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याला आपल्या मागे यायला चौदाशे वर्षे लागली, असे म्हणून छाती फुगवण्यापूर्वी आपल्या वस्तीतील किती घरे याच खेळांपायी कर्जात बुडाली, तेही आठवावे. ज्या खेळाने नमाज बुडते किंवा जिभेला शिव्यांची सवय लागते, त्याबद्दलही वेगळे सांगायला नको. प्रश्न उरतो तो स्वच्छ खेळाचा आणि त्यात प्रावीण्य मिळवण्यासाठी द्यायच्या वेळेचा.

ऐहिक जीवन म्हणजे खेळ आणि करमणूक आहे, या अर्थाची सूरह अल-हदीदमधील आयत आपण मुलांच्या मोबाईलकडे बोट दाखवून ऐकवतो. त्याच आयतीत लगेच पुढे परस्परांवर मिरवण्याचा आणि संपत्ती व संततीतील चढाओढीचा उल्लेख येतो. तो खेळ मुलांचा नव्हे, मोठ्यांचा आहे. तेव्हा ही आयत ऐकवताना आवाज थोडा खाली ठेवलेला बरा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनचरित्रात खेळाला जागा आहे. अस्लम कबिल्याचे लोक तिरंदाजीची चुरस खेळत होते. आपण (स.) तेथून जाताना थांबलात, त्यांना प्रोत्साहन दिलेत आणि एका गटाचे नाव घेऊन मी यांच्या बाजूने आहे, असे म्हणालात. त्यावर दुसऱ्या गटाने हात आखडले. ज्या बाजूला खुद्द प्रेषित आहेत तिच्याविरुद्ध बाण कसा सोडावा? तेव्हा आपण (स.) म्हणालात की सोडा, मी तुम्हा सर्वांबरोबर आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबरची धावण्याची शर्यत आणि ईदच्या दिवशी मशिदीत चाललेला हबशी लोकांचा भाल्यांचा खेळ आपण सर्वांनी ऐकलेलाच आहे. ज्या दीनमध्ये हे आहे, तो खेळाचा शत्रू नाही.

पण तिरंदाजीचीच आणखी एक हदीस आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) वृद्धापकाळीही दोन निशाण्यांमध्ये ये-जा करीत बाण सोडण्याचा सराव करीत. या वयात हा त्रास कशाला, असे कोणी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की प्रेषितांकडून एक गोष्ट ऐकली नसती तर मी हे केले नसते. ती गोष्ट अशी की जो तिरंदाजी शिकला आणि मग त्याने ती सोडून दिली, तो आपल्यातला नाही. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला. आपण समजतो की कौशल्य शिकण्याची किंमत म्हणजे शिकण्यात गेलेले तास. म्हाताऱ्या उक्बांना (रजि.) पाहिले की कळते, खरी किंमत पुढेच असते. कौशल्य एकदा अंगी आले की ते आपल्यावर हक्क सांगते. ते जिवंत ठेवावे लागते, रोजचा चारा-पाणी द्यावा लागतो. तिरंदाजीचा तो हक्क उचित होता, कारण तिच्यावर मदीनेचे संरक्षण अवलंबून होते. मोबाईलमधील नेमबाजीही असाच हक्क सांगते. चार दिवस हात लागला नाही की बोटे जड होतात. नवा सीझन सुरू झाला की रँक खाली येते आणि गेल्या खेपेला जेथे पोहोचलो होतो तेथे पोहोचायला पुन्हा तितकेच तास घालावे लागतात. म्हणून त्या तरुणाचे रोजचे दोन तास म्हणजे वर्ष-सहा महिन्यांची गुंतवणूक नव्हे. ते बिनमुदतीचे भाडे आहे.

इमाम गजाली (रह.) यांनी मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना सांगितले आहे की मकतबमधून परतलेल्या मुलाला खेळू द्यावे, नाहीतर त्याचे मन मरून जाते आणि बुद्धी मंदावते. मात्र खेळ असा असावा की त्याने अभ्यासाचा शीण उतरावा. खेळूनच मूल थकून जाईल असा तो नसावा. खेळ आणि सराव यांच्यातील सीमारेषा मला येथे सापडली. तास-दीड तास मित्रांबरोबर खेळून मन हलके होत असेल तर तो आराम आहे. ट्रेनिंग ग्राउंडवर एकाच बंदुकीचा झटका आवरण्यासाठी शंभर वेळा गोळ्या झाडणे, नकाशे पाठ करणे, इतरांचे डाव थांबवून थांबवून पाहणे हा आराम नाही. तो परिश्रम आहे, आणि परिश्रमाला परिश्रमाचेच मोजमाप लावले पाहिजे. या श्रमाने माझ्या हाती काय उरेल आणि जे उरेल ते कोणाच्या मालकीचे असेल?

खेळाने बुद्धी तल्लख होते, असे मुले सांगतात. येथे बुद्धिबळाचा एक प्रसिद्ध प्रयोग आठवतो. चेस आणि सायमन या अमेरिकेतील संशोधकांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील मोहऱ्यांची मांडणी काही सेकंद दाखवली, तर निष्णात खेळाडू ती स्मरणातून जवळपास पुन्हा मांडू शकत होते. नवख्यांना ते जमत नव्हते. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली, तेव्हा निष्णात आणि नवखा यांच्यात फारसा फरक उरला नाही. स्मरणशक्ती वाढली नव्हती, बुद्धिबळ वाढले होते. कौशल्य बहुधा आपल्याच पटाला चिकटून राहते. अपवाद असतात. मदरशात शिकलेले अरबीचे नह्व मला पुढे बी.ए.ला मराठी व्याकरण शिकताना उपयोगी पडले. खेळातही एखादा मुलगा आपल्या डावांचे व्हिडिओ जोडता-जोडता संपादनाची कला शिकतो आणि ती अन्यत्र चालते. पण बंदुकीच्या झटक्यावर मिळवलेला ताबा त्या एका खेळाबाहेर कोठे चालेल, हे मला तरी सांगता येत नाही.

आणि तो पट तरी आपला आहे का? २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये नाहीसा झाला तो मे २०२३ मध्ये परतला. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य एका संध्याकाळी निरुपयोगी झालेले मुलांनी स्वतः पाहिले आहे. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये वयाच्या १९ व्या वर्षी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली, तेव्हा तिने लहानपणापासून ज्या खेळात आयुष्य घातले त्याचे नियम कोणत्याही कंपनीला बदलता येणार नव्हते. ई-स्पोर्ट्समध्येही पदके आहेत. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ती दिली गेली आणि २०२५ च्या कायद्यानेही ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. एखादा मुलगा त्यातून पोट भरीलही. पण कोकणातला शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीत गवत कापतो, फार तर एखादे पीक घेतो. सातबारा आपल्या नावावर नसेल तर तेथे विहीर खणत नाही.

हे लिहिताना मी स्वतः काठावर उभा नाही. २०२० च्या टाळेबंदीत मशिदीचे दरवाजे बंद होते. त्या रिकाम्या रात्री मी मोबाईलवर बुद्धिबळ खेळू लागलो. आम्ही शाफई, जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर इमाम शाफई (रह.) यांच्या मते बुद्धिबळ हराम नाही, मकरूह आहे. हनफी उलेमा याहून कठोर आहेत. मी मात्र ‘हराम नाही’ एवढेच शब्द ध्यानात ठेवले आणि ‘मकरूह’ सोयीने विसरलो. तीन-तीन मिनिटांचे डाव. रेटिंग ११०० होते. वर्षभरात ते १५०० वर नेले. त्यासाठी सलामीच्या चाली पाठ केल्या, रात्री हरलेले डाव पुन्हा तपासले. नमाज एकही चुकली नाही, हे मी स्वतःला सांगत असे आणि ते खरेही होते.

अब्बा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. अठ्ठावीस वर्षे जहाजावर नोकरी केलेला माणूस. इशानंतर मी त्यांच्या उशाशी बसत असे. सेवा म्हणून बसत असे आणि हातात मोबाईल असे. ते काही सांगू लागत, माझी मान हलत असे पण उत्तर येत नसे. मग ते म्हणत, ‘‘तुझा डाव झाला की सांग.’’ कधी रागावले नाहीत. डाव संपेपर्यंत बहुधा त्यांना झोप लागलेली असे. त्यांचे निधन झाले त्याला आता काही वर्षे झाली. त्यांनी पाहिलेल्या बंदरांपैकी किती मी ऐकायची राहिलो, याचा हिशेब माझ्याजवळ नाही. रेटिंगचा आकडा मात्र तोंडपाठ आहे.

म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नातील सर्वांत अवघड भाग मला माझ्यासाठीही सोडवायचा होता. जे करायचे ते उत्तम करावे, मग खेळ का नाही? अल्लाहने प्रत्येक बाबतीत इहसान अनिवार्य केला आहे, ही हदीस मी बयानात सांगितली होती. ती मी पुन्हा उघडून वाचली. त्यात उदाहरण आले आहे ते जनावर जुबह करण्याचे: सुरीला धार लावावी आणि मुक्या जिवाला यातना होऊ देऊ नये. तेथे कसबाची धार स्वतःच्या लौकिकासाठी नाही. ज्याच्यावर आपल्या कृतीचा परिणाम होतो त्याच्या हक्कासाठी आहे. मग खेळातला इहसान कोणता? सोबतच्या तीन खेळाडूंना अर्ध्यात सोडून न जाणे, लबाडीची अ‍ॅप न वापरणे, अनोळखी मुलाला नवखा म्हणून न हिणवणे, आणि उशाशी कोणी बोलत असेल तर मोबाईल खाली ठेवणे. यातल्या कशालाही वरची रँक लागत नाही.

किती वेळ द्यावा, याचा एकच आकडा सर्वांना लागू होत नाही. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्याला साधारण तीन तासांची मर्यादा घातली. सरकारे अशी मापे काढू शकतात, इमामाला ते जमत नाही. हजरत सलमान (रजि.) यांनी हजरत अबू दर्दा (रजि.) यांना समजावले होते की तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या शरीराचा आहे, तुझ्या घरच्यांचा आहे, ज्याचा जो हक्क तो त्याला दे. लक्षात घ्या, हे इबादतीत बुडालेल्या माणसाला सांगितले होते. रात्रभराच्या नफील नमाजलाही हा नियम लागू होत असेल तर रँकला का नाही? पायाने अधू असलेल्या मुलाला मोबाईलमध्येच मैदान मिळत असेल तर त्याचा हिशेब वेगळा. ज्याचा बाप कामाविना घरी बसला आहे अशा बावीस वर्षांच्या मुलाचा वेगळा.

पालकांनाही एक विचारतो. मोबाईल हिसकावणे सोपे आहे. त्या हातांत दुसरे काय देता? ज्याच्या बापाला होडीचे इंजिन कानाने ओळखता येते, त्याच्या मुलाला त्यातला एक स्क्रूही ठाऊक नसतो. मुलांना प्रावीण्याची भूक आहे. ती चांगली भूक आहे. घरात तिला काही मिळाले नाही तर ती बाहेर जाईल.

ठरल्याप्रमाणे जुम्याला तो आला. मी त्याला म्हणालो, खेळ तास-दीड तास, मन हलके होईतो. खेळता खेळता जे कौशल्य येईल ते येऊ दे. वेगळा सराव नको. कयामतच्या दिवशी तारुण्य कोठे खर्च केले हे विचारले जाईल, तेव्हा ते दोन तास उत्तरात सांगता येतील अशा एखाद्या कसबाला दे, ज्याचा सातबारा तुझ्या नावावर असेल.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मौलाना, मग मी हरतच राहीन.’’

होय, हरशील, असे मी म्हणालो, आणि त्याला प्रेषितांच्या (स.) अज्बा नावाच्या सांडणीची गोष्ट सांगितली. तिला शर्यतीत कोणी मागे टाकू शकत नसे. एके दिवशी एक ग्रामीण अरब आपल्या तरुण उंटावर आला आणि पुढे निघून गेला. सहाबांना फार वाईट वाटले. प्रेषितांनी (स.) मात्र सांगितले की जगात जे उंचावर जाते त्याला खाली आणणे, हा अल्लाहचा नियमच आहे.

गोष्ट त्याला आवडली. जाता जाता त्याने विचारले, ‘‘चालू सीझन संपायला अकरा दिवस आहेत. तेवढा पुरा करू का?’’ मी हो म्हणालो. मग त्याने माझे रेटिंग विचारले. मी म्हणालो, अ‍ॅप काढून टाकले आहे. खाते मात्र अजून बंद केलेले नाही.