उचलणारा हात आणि राखणारा हात

खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा गुडघ्याचा सांधा बदललेल्या वृद्ध माणसाला शस्त्रक्रियेनंतर पुनर्वसन केंद्रात ठेवावे की थेट घरी आणावे, हा प्रश्न आता आमच्या अमडापूर गावच्या ओट्यांवरही येऊन ठेपला आहे. परंतु त्याची चर्चा कानी पडली म्हणजे वाटते की, येथे माणसाच्या चालण्याचा विचार चाललेला नसून कुटुंबाच्या अब्रूचा चालला आहे. केंद्रात ठेवले तर मुलांनी आईला टाकले, घरी आणले तर तिचे पांग फेडले, असा निवाडा दोन वाक्यांत होतो आणि ज्या पायासाठी हा सारा खटाटोप, तो पाय त्या निवाड्यात कोठेच येत नाही.

जे केंद्राची निवड खोल्यांच्या थंडाव्यावरून आणि यंत्रांच्या संख्येवरून करतात, ते निवासाची निवड करतात, उपचाराची नाही. तेलमालिशीवर भिस्त ठेवणाऱ्यांना एवढेच सांगावे की, शस्त्रक्रियेनंतर पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असल्यास ती पोटरी चोळणे प्राणावर बेतू शकते. खरा विचार करावयाचा तो तिसऱ्या पक्षाचा, कारण तो सद्भावनेतून बोलतो: घरासारखी शुश्रूषा अन्यत्र होणे नाही, सबब केंद्राचा खर्च हा व्यर्थ होय.

ही शुश्रूषा प्रत्यक्षात कशी असते ते जवळून पाहावे. माजघरात खाट टाकलेली असते, सून पाण्याचा पेला ओठांशी नेते, नातू काखेत हात घालून आजीला उचलून बसवतो, शौचाचे भांडे खाटेखालीच ठेवलेले असते, आणि तिने स्वतःहून पाय खाली सोडला की चहूकडून एकच आवाज उठतो, “माय, तू उठू नको, आमी आहो ना!” या वाक्यातील प्रेमाविषयी मला लवमात्र शंका नाही, पण ज्या पायाला भाराची गरज आहे त्याचा भार हेच वाक्य दिवसभर काढून घेत असते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना 10 दिवस केवळ अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. निरोगी माणसाची ही गत. तर ज्याचे हाड जोडले आहे, ज्याला अन्न गोड लागत नाही, अशा जिवाला महिनाभर जपून निजवून ठेवल्यास काय उरेल? म्हणूनच, डॉक्टरांची हरकत नसेल तर, खुब्याच्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी उभे करावे, असा आज वैद्यकाचा शिरस्ता आहे.

यावर त्या पक्षाचे सुशिक्षित वकील एक दाखला पुढे करतात, आणि तो खोटा नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात गुडघा बदललेल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत वाटणी झाली. एक गट 10 दिवस केंद्रात राहून मग घरच्या कार्यक्रमास लागला, दुसरा इस्पितळातून थेट त्या कार्यक्रमास. आणि 26 आठवड्यांनी दोहोंच्या चालण्यात लक्षणीय अंतर आढळले नाही. मग केंद्र कशास हवे? परंतु तेथील ‘घर’ कोणते होते, ते हे वकील सांगत नाहीत. तेथे व्यायामांचा आखून दिलेला क्रम होता आणि त्यावर तज्ज्ञाची नजर होती. रुग्ण घरी होता, पण निजलेला नव्हता. या प्रयोगाने केंद्राच्या भिंतींचे महत्त्व कमी केले हे मान्य. माजघरातील खाटेचे महत्त्व त्याने तसूभरही वाढवले नाही. शिवाय तो बव्हंशी सुरळीत पार पडलेल्या गुडघ्यांचा होता. एकट्या राहणाऱ्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा पक्षाघाताने अर्धे अंग गमावलेल्या माणसाला तो जसाच्या तसा लावणे हा अन्याय होईल.

निजवून जपण्यापेक्षा उभे करावे, हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याचे 1944 सालचे कृत्रिम अवयव केंद्र, मुंबईत हाजी अलीची 1955 सालची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, आणि आपल्याच विदर्भात कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन व बाबा आमट्यांचे आनंदवन, यांचा इतिहास याची साक्ष देतो. त्या सर्वांच्या मुळाशी, माणसाला सांभाळणे आणि माणसाला उभे करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हीच जाण होती.

माझ्या मते सारा प्रश्न अखेर हाताच्या जागेवर येऊन थांबतो. एक हात काखेत जातो आणि उचलतो. दुसरा रुग्णाच्या किंचित मागे, दुखऱ्या बाजूस, वीतभर अंतरावर तयार राहतो आणि तोल गेला तरच स्पर्श करतो. पहिल्याने काम लवकर होते. दुसऱ्याने काम रुग्णाचे होते. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला; पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी; काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, जी आपण घरोघर नेमकी उलट देतो: हे सारे त्या दुसऱ्या हाताच्या पहाऱ्याखालीच शिकता येते.

तेव्हा चिखली, खामगाव, अकोला, जेथे कोठे केंद्र पाहावयाचे असेल, तेथे सरावाच्या वेळी जावे आणि तो हात कोठे आहे ते पाहावे. तेथील माणसे आपल्या घराची चौकशी करतात काय, उंबरठा किती उंच, खाट किती ठेंगणी, संडास उकिडवे बसण्याचा की खुर्चीचा, हे विचारतात काय? घरी पाठवण्यापूर्वी घरच्या एका माणसाला शेजारी उभे करून शिकवतात काय? ज्या केंद्रात रुग्णाला चाकाच्या खुर्चीतून सर्वत्र नेले जाते, ते महाग माजघरच होय. आणि ज्या घरात आजी, वेळ लागला तरी, स्वतः उठून मोरीपर्यंत जाते, ते घर कोणत्याही केंद्राच्या तोडीचे आहे.

2017 साली सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीस कमाल मर्यादा घातली, हे योग्यच झाले. पण सांधा स्वस्त झाल्याने चालणे आपोआप पदरात पडत नाही. आमच्या गावच्या बल्लाळदेवीच्या टेकडीची वाट पुन्हा चढण्याची आस ज्या वृद्धेला आहे, तिला शस्त्रक्रियेइतक्याच हक्काने पुढच्या आठवड्यांची तजवीज मिळाली पाहिजे: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भौतिकोपचार करणारा माणूस, तो ठरल्या दिवशी गावात येण्याचा बंदोबस्त, आणि घरच्यांना दिलेले शिक्षण. ही तजवीज होईपर्यंत केंद्राची निवड आपणच डोळसपणे केली पाहिजे. आणि घर निवडले तर, उचलण्यासाठी पुढे झालेला आपला हात वेळीच आवरण्याची जबाबदारीही आपलीच आहे.