आमची टाकी कधी भरतच नाही

घर दाखवणाऱ्या माणसाचा उत्साह स्वयंपाकघराच्या ओट्यापासून सुरू होतो आणि गच्चीवरच्या सोलर हीटरपाशी संपतो. मध्येच संडासाच्या टाकीचा विषय निघालाच, तर एक वाक्य ठरलेलं असतं : "आमची टाकी ऐसपैस बांधलीय. वीस वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही." हे मी कोकणात ऐकलं आहे, देशावर ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतःही म्हटलं आहे. म्हणताना आवाजात, मुलाला बोर्डात नव्वद टक्के पडल्याची ऐट असते. प्रत्यक्षात तो कबुलीजबाब असतो. देणाऱ्याला ते ठाऊक नसतं इतकंच.

सेप्टिक टँक 'भरते' ती वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, आणि मग कायम भरलेलीच राहते. जेवढं पाणी आत येतं तेवढं दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. टाकीचं काम मैल्याला दिवस-दोन दिवस शांत थांबू देण्याचं. जड ते तळाशी बसतं, तेलकट आणि हलकं ते साय धरावी तसं वर तरंगतं, मधलं पाणी शोषखड्ड्याकडे जातं. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू खातात, पण सगळा नाही. उरलेला गाळ वर्षानुवर्षं चढत जातो. तो चढला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला न बसताच पुढे सरकतो. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसा असं सरकारी मार्गदर्शिका सांगते ती त्यासाठी. नांदत्या घरातली टाकी वीस वर्षं उपसावी लागली नसेल, तर एक तर तिला तळच नाही, किंवा तिच्यातला मैला गुपचूप बाहेर पडतो आहे. (घर फक्त गणपतीपुरतंच उघडत असेल, तर गोष्ट वेगळी.)

बाहेर म्हणजे कुठे? कोकणात टाकी बऱ्याचदा जांभ्याच्या चिऱ्यांची, तळाला कोबा न केलेली. "पाणी छान मुरतं," म्हणून तिची तारीफ होते. जांभा सच्छिद्र दगड, आणि चार पावलांवर परड्यातली विहीर. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब असावा, असं भारतीय मानक सांगतं. आता दोन गुंठ्यांचा चौरस प्लॉट घ्या. त्याची बाजू जेमतेम १४ मीटर भरते. आपली विहीर वाचवायला शोषखड्डा कोपऱ्यात सरकवला, की तो शेजाऱ्याच्या विहिरीला जाऊन भिडतो. देशावर तऱ्हा उलटी. काळी माती आणि खाली कातळ, त्यामुळे शोषखड्डा शोषतच नाही. दोन पावसाळ्यांत तो उफाळतो आणि गवंडी सुचवतो, "पाइप गटारात सोडून देतो, कटकट नको." तिथून ओढा, ओढ्यातून नदी, आणि नदीवर कुणा दुसऱ्या गावाची नळयोजना. २०११च्या जनगणनेत शहरी भारतातली सुमारे ३८ टक्के घरं सेप्टिक टँकवर होती. भुयारी गटाराला जोडलेल्या घरांपेक्षा जास्त. तेव्हा ही चार-दोन आळशी घरमालकांची गोष्ट नव्हे.

वास्तुशास्त्राप्रमाणे टाकी ईशान्येला येता कामा नये, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तिला कप्पे किती, तळ पक्का आहे का, पाणी कुठे जातं, हे कोणालाच माहीत नसतं. नकाशावर टाकी दाखवली, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, की सरकारचा आणि आपला तिच्याशी संबंध संपतो. वर फरशी बसते, फरशीवर गाडी उभी राहते. एरवी शिवाशिवीचे नियम नातवंडांनाही पाठ असलेल्या घराला आपल्याच जमिनीखाली काय साचलंय ते विचारावंसं वाटत नाही.

विचारायची वेळ येते ती संडास तुंबल्यावर, बहुधा घरात लग्नकार्य असताना. मग फोन जातो. अनेकदा तो मैला उपसणाऱ्या गाडीला जात नाही, 'त्या' वस्तीतल्या माणसाला जातो, कारण तो स्वस्तात आणि लगेच येतो. डिसेंबर २०१९मध्ये गोवंडीतल्या एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा सप्टेंबर २०२१मध्ये प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश निघाला. टाकीत मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. हा दुसरा वायू थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा घाण वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची शक्तीच बधिर होते आणि वास येईनासा होतो. "आता वास गेला, उतर," असं वरून सांगणारा माणूस कधी कधी मृत्यूचीच ग्वाही देत असतो. झाकण रात्रभर उघडं ठेवूनही भागत नाही, कारण गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू नव्याने सुटतो. पहिला कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि बातमीत आकडा वाढतो. काही ठिकाणी अजून पेटती मेणबत्ती सोडून हवा तपासतात. मिथेनमध्ये!

२०१३चा कायदा या बाबतीत अगदी स्वच्छ आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला तो मनाई करतो, आणि ही मनाई नगरपालिका आणि ठेकेदार यांच्याबरोबर 'कोणत्याही व्यक्तीला' लागू आहे. त्या व्यक्तीत तुम्ही-मी येतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. "तो स्वतःच तयार झाला," हा बचाव मी सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकला आहे. पाचशे रुपयांसाठी विषारी खड्ड्यात उतरायला तयार होणारा माणूस बहुतेकदा एकाच जातसमूहातून का येतो, याचं उत्तर त्यांना द्यावंसं वाटत नाही.

याच महाराष्ट्रात १९३२ साली गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपोषण केलं, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्यासाठी अन्न सोडलं. पुढे अप्पांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात संडासाचे प्रयोग केले. जन्माने ज्या कामाची सक्ती नव्हती ते काम मागून घेणारा हा ब्राह्मण. आपल्याला तेवढं करायचंच नाही. आपल्याला फक्त गाडी बोलवायची आहे.

आणि गाडी बोलवावी लागू नये, अशीही सोय होऊ शकते. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर या दोन छोट्या गावांनी गावातल्या सगळ्या टाक्या तीन वर्षांच्या फेऱ्यात पाळीपाळीने उपसायला घेतल्या. तक्रारीची वाट पाहायची नाही, गाडी आपणहून दारात. त्या वेळी पैसे मागायचे नाहीत, खर्च कराच्या रूपाने आधीच घ्यायचा. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात. तुंबण्याच्या आधीच गाडी आली, की घाईघाईत माणूस उतरवायचा प्रसंगच सहसा येत नाही. नगरपरिषदांच्या निवडणुकीत चौकाच्या कारंज्यावर मतं मागणाऱ्यांना "आपल्याकडे हे कधी?" हा प्रश्न विचारायला हवा.

घरात करायचं ते थोडंच आहे. संडासात अ‍ॅसिड ओतायचं नाही, पॅड आणि प्लॅस्टिक टाकायचं नाही, आणि झाकण फरशीखाली गाडायचं नाही.

आमचं गाडलेलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा टाकी उपसायला गाडी बोलावली, तेव्हा झाकण कुठे आहे ते घरात कोणालाच सांगता येईना. वडील असते तर आठवलं असतं. पार्किंगमधल्या चार फरश्या फोडल्या, पाचवीखाली ते सापडलं. चालकाने वरूनच पाइप सोडला, इंजिन सुरू केलं. टाकी निम्मी उपसून झाल्यावर मला विचारायचं सुचलं.

"हे नेता कुठे?"

त्याने पाइपवरचा हात न काढता माझ्याकडे पाहिलं. "काका, गावात टाकायला जागा कुठंय? तुम्हीच सांगा, कुठं नेऊ?"

इंजिन चालूच होतं.