दुसरी चिठ्ठी

नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर आबा मुकादम राहायचे. गिरणीत रिंग खात्याला होते. साचेखात्याचा दरवाजा त्यांच्या समाजाला बंद. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, मग अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असा बाकीच्या कामगारांचा हिशेब. आबा तो हिशेब कधी विसरले नाहीत. चाळीत मात्र त्यांचा शब्द खाली पडत नसे. एका इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची, आणि त्यातल्या कितीतरी खोल्यांतली माणसं आबांनीच गिरणीत चिकटवलेली. नळावरचं भांडण असो की लग्नाची बोलणी, आधी आबांना विचारायचं.

मताच्या बाबतीत तर ते चाळीतले पंडितच. १९३७ साली मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा मताचा हक्क असलेली माणसं चाळीत मोजकी, त्यात आबा एक. भायखळा-परळमधून बाबासाहेब उभे होते आणि समोर काँग्रेसने क्रिकेट गाजवलेले पाळवणकर बाळू उभे केले होते. (बिचारे बाळू. जन्मभर इंग्रजांचे बळी घेतले आणि शेवटी उभं राहायची वेळ आली ती बाबासाहेबांसमोर.) त्या वेळी नियम असा होता की मतदाराने आपली सगळी मतं एकालाच दिली तरी चालत. आबांनी दिली. बाबासाहेब निवडून आले. तेव्हापासून आबांच्या डोक्यात एक गोष्ट खिळा ठोकल्यासारखी बसली. आपल्या माणसाला सगळं द्यायचं, दुसऱ्याला नखभर नाही.

मग पंधरा वर्षं गेली. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत मिळालं. लोकसभेची पहिली निवडणूक लागली आणि गिरणगाव ‘मुंबई शहर उत्तर’ मतदारसंघात आलं. आज उत्तर मुंबई म्हटलं की बोरिवली आठवते. त्या वेळी मुंबई शहराची उत्तर म्हणजे परळ, नायगाव, भोंग्याचा पट्टा.

हा मतदारसंघ जोडीचा होता. देशात असे ८६ होते. एकाच मतदारसंघातून दोन खासदार जायचे, त्यातली एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव. प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडणार होत्या, नाशिकच्या छापखान्यात छापलेल्या, रुपयाच्या नोटेएवढ्या. त्यावर शिक्का मारायचा नाही, फुली करायची नाही. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पोलादी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. आपल्याला हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. अट एकच, दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या पेट्यांत पडल्या पाहिजेत. एकाच पेटीत दोन्ही टाकल्या तर जास्तीची मोजायची नाही.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवाद्यांशी युती केली होती. राखीव जागेला बाबासाहेब, चिन्ह हत्ती. दुसऱ्या जागेला अशोक मेहता, चिन्ह झाड. समोर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर, शिवाय कम्युनिस्टांचे कॉम्रेड डांगे.

आबांची सून सातवी पास. मतदानाच्या चार दिवस आधी तिने घरातले दोन रिकामे डबे घेतले, चहाचा आणि तिखटाचा. चहाच्या डब्याला कोळशाने हत्ती काढला, तिखटाच्या डब्याला झाड. हत्ती म्हशीसारखा झाला म्हणून पोरं हसली. गॅलरीत डबे मांडून ती बायकांना शिकवू लागली, “ही एक हत्तीत. ही दुसरी झाडात.”

आबा दिवसपाळी संपवून वर आले आणि थबकले.

“हे काय चाललंय?”

“मत टाकायला शिकवतेय, मामंजी. दोन चिठ्ठ्या दोन डब्यांत.”

“कशाला? दोन्ही बाबासाहेबांना.”

“तसं चालत नाही आता. कागदावर लिहिलंय. एकच धरतात, दुसरी बाद होते.”

“तू कागद वाचलास. मी मत दिलंय, सदतीस साली.” आबांनी पायाने तिखटाचा डबा बाजूला सारला. “माझ्या हातात दोन भाकरी असल्या तर एक शेजाऱ्याला देऊन बापाला अर्धपोटी ठेवू का मी?”

वाक्य असं जबर होतं की पुढे कोणी काही बोललं नाही. वाईट सल्ल्याला चांगली उपमा मिळाली की तो किती लांब जातो! रात्रीपर्यंत भाकरीची गोष्ट शेजारच्या तीन इमारतींत पोचली होती.

जानेवारी १९५२. आबा धुतलेलं धोतर नेसून रांगेत पहिले. दोन्ही चिठ्ठ्या हत्तीच्या पेटीत टाकून बाहेर आले, तेव्हा छाती दोन बोटं पुढे होती.

निकाल लागला आणि चाळीत चूल पेटली नाही. काजरोळकरांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. ज्यांनी घटना लिहिली ते तिच्याखालच्या पहिल्याच निवडणुकीत १४,५६१ मतांनी पडले. अशोक मेहताही पडले. मग कळलं की ७४,३३३ मतं बाद झालीत. मतं कुजवली, हा शब्द तेव्हा गिरणगावात घरोघरी झाला. कम्युनिस्टांनी मतं कुजवायचा प्रचार केला असा आरोप होता. बाबासाहेब आणि मेहता दोघांनी मिळून निवडणूक रद्द करा म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला.

आबा महिनाभर डांग्यांना शिव्या देत होते. सून भाकऱ्या थापताना ऐकायची. तिखटाचा डबा फळीवर होता, झाड अजून पुसलेलं नव्हतं.

एके दिवशी आबा सदऱ्याचं माप द्यायला दादरला आपल्या जुन्या शिंप्याकडे गेले. शिंपी कट्टर समाजवादी. टेप गळ्यात, खडू कानावर.

“वाईट झालं, मुकादम,” तो छातीचं माप घेत म्हणाला. “आम्ही तर जिवाचं रान केलं. आमच्या गल्लीत मी प्रत्येकाला सांगितलं होतं, दोन्ही झाडाला.”

“दोन्ही?”

“दोन्ही. आपला माणूस तो आपला माणूस. एकही चिठ्ठी बाहेर जाऊ दिली नाही.” त्याच्या डोळ्यांत तीच चमक होती, जी आबांच्या डोळ्यांत रांगेत उभं असताना होती.

आबा हात पसरून तसेच उभे राहिले. मुकादमाचं डोकं ते, हजेरी मांडायची सवय. शिंप्याच्या गल्लीतली प्रत्येक दुसरी चिठ्ठी हत्तीच्या पेटीत पडायची होती. आणि नायगावच्या चार इमारतींतली प्रत्येक दुसरी चिठ्ठी झाडाच्या. हत्तीच्या पेटीत त्यांची एकच मोजली गेली होती. बापाला त्यांनी जास्तीचा घासही दिला नव्हता. शेजाऱ्याची भाकरी तेवढी रस्त्यावर टाकली होती, आणि शेजाऱ्यानेही तेच केलं होतं.

“हात खाली घ्या, झालं माप,” शिंपी म्हणाला. तेही त्याला दोनदा सांगावं लागलं.

दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. तोही जोडीचा मतदारसंघ, पुन्हा बाबासाहेब आणि पुन्हा मेहता. तिकडून आलेला एक पाहुणा सांगत होता, कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना गळ घातली की लोकांना दुसरं मत कुजवायला सांगा, तुमची जागा पक्की होईल. ते म्हणाले, हरलो तरी चालेल, माझ्या माणसांना मत वाया घालवायला मी शिकवणार नाही. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. आबांनी पाहुण्याकडून हे तीन वेळा वदवून घेतलं.

डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब गेले. दादर चौपाटीवरून परतल्यावर आबा बरेच दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या वणव्यात आली. मतदारसंघाचं नाव आता ‘मुंबई शहर मध्य’ होतं, जागा दोनच. समितीत सगळे एकत्र होते, कम्युनिस्टही आणि फेडरेशनही. राखीव जागेला फेडरेशनचे गोपाळ माने. आणि दुसऱ्या जागेला कोण, तर श्रीपाद अमृत डांगे.

चाळ उसळली. “मान्यांना देऊ. डांग्याला? बावन साल विसरलो नाही आम्ही!” गॅलरीत माणसं कठड्याला टेकून ओरडत होती. सगळे आबांकडे बघत होते. शिव्यांची सुरुवात त्यांनीच तर करून दिली होती.

आबा घरात गेले. फळीवरचे दोन्ही डबे घेऊन बाहेर आले आणि सुनेपुढे ठेवले.

“सूनबाई, चित्रं बदल. मला हत्तीसुद्धा धड काढता येत नाही.”

मग ते लोकांकडे वळले. “बावन साली ह्या चाळीत मतं कुजवली ती मी. ह्या पोरीने कागद वाचून सांगितलं होतं आणि मी डबा लाथाडला. डांग्यावर माझा राग आहे, तो राहील. पण मान्यांच्या पेटीत ज्यांनी चिठ्ठी टाकायला हवी ते लालबागचे कामगार आत्ता आपल्यासारखेच कठड्याला टेकून बोलत असतील, आमची दुसरी चिठ्ठी त्यांना कशाला. चला, एकेकाने पुढे या.”

रात्री अकरापर्यंत रंगीत तालीम चालली. जुन्या बसच्या तिकिटांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. एक इकडे, एक तिकडे. एका म्हाताऱ्याने दोनदा दोन्ही एकाच डब्यात टाकल्या. आबांनी त्याचा हात धरून तिसऱ्यांदा टाकायला लावल्या.

डांगे आणि माने दोघेही निवडून आले.

ही जोड मतदारसंघांची भानगड फार टिकली नाही. त्याच १९५७ साली आंध्रात पार्वतीपुरमला पहिल्या दोन क्रमांकांवर जमातीचेच दोन उमेदवार आले, आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी खुल्या जागेला मुकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं; गिरी तिथेही हरले. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून दोन खासदारांचे सगळे मतदारसंघ मोडीत काढले. शहर मध्यचेही दोन तुकडे झाले.

१९६२ ला आबा मतदानाला गेले तेव्हा गिरणीतून उतरले होते, दिसतही कमी होतं. हातात एकच कागद आला, सगळी चिन्हं त्यावरच छापलेली, सोबत शिक्का. आबा हात पुढे करून तसेच थांबले.

“पुढे चला, बाबा,” टेबलापलीकडचा माणूस म्हणाला.

“दुसरी?”

“दुसरी नसते आता. एकच.”

मागून सुनेने त्यांच्या कोपराला हात लावला. आबांनी कागद उलटापालटा करून पाहिला, जणू दुसरी मागे चिकटून आली असेल, आणि पडद्याकडे चालू लागले.