कोळसा कोणत्या झाडाचा?

न्यूझीलंडमध्ये माणूस पहिल्यांदा केव्हा पोचला, या प्रश्नाचं उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदललं. त्यातलं अगदी सुरुवातीचं उत्तर आजच्या उत्तराच्या कितीतरी जवळ होतं, आणि ते काढण्याची रीत मात्र आज कोणीही मान्य करणार नाही.

ते उत्तर पर्सी स्मिथ यांचं. पेशानं ते जमीन मोजणारे. १८९२ साली निघालेल्या पॉलिनेशियन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. माओरी जाणत्यांनी तोंडपाठ ठेवलेल्या वंशावळी त्यांनी जमवल्या आणि पिढीमागे पंचवीस वर्षं धरून मागे मोजत गेले. आपल्याकडचे कुलवृत्तांत चाळणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. त्यातून निघालं ते असं : कुपे हा दर्यावर्दी इ. स. ९२५ मध्ये आला, तोई ११५० च्या सुमारास, आणि मोठ्या होड्यांचा ताफा १३५० मध्ये. शाळेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हे पाठ केलं. पुढे १९७६ मध्ये डेव्हिड सिमन्स यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या कुळांच्या कथा एकत्र शिवून, आकड्यांची सरासरी काढून ही गोष्ट रचलेली होती. एकत्र निघालेला ताफा असा काही नव्हताच.

तोवर तारखा ठरवण्याचं काम प्रयोगशाळेकडे गेलं होतं. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ ची पद्धत मांडली, १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जीव मेला की त्यातला कार्बन-१४ ठरावीक वेगानं घटत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा. आता आठवणींवर विसंबायला नको, असं सगळ्यांना वाटलं. पण यंत्र फक्त त्याच्यासमोर ठेवलेल्या वस्तूचं वय सांगतं. चुलीतला कोळसा दिला, तर ते चूल पेटली तो दिवस सांगत नाही. ते लाकूड वाढलं ते वर्ष सांगतं. खोडात जिवंत थर असतो तो बाहेरचा. गाभा कधीच मेलेला असतो. न्यूझीलंडमधली मताईसारखी झाडं कित्येक शतकं जगतात. अशा झाडाच्या गाभ्याचा ओंडका कोणी चुलीत घातला, की वस्ती बसल्या जागी पाचशे वर्षं जुनी! शिंपल्यांचं आणखी वेगळं : समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो, म्हणून ते साधारण चारशे वर्षांनी म्हातारे दिसतात.

जुनी तारीख सापडली की बातमी होते, नवी सापडली तर कोणी ढुंकून पाहत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात विज्ञानापेक्षा हा मोह जास्त नडला. १९८७ मध्ये तर वस्ती इसवी सनाच्या पहिल्या पाच शतकांत झाली असावी, इथपर्यंत मजल गेली. ॲथोल अँडरसन यांनी १९९१ मध्ये उलट दिशेनं सुरुवात केली. नमुना कशाचा, कुठल्या थरातला, किती जगणाऱ्या झाडाचा हे विचारायचं, आणि उत्तर नसेल तर ती तारीख बाजूला ठेवायची. दोन वर्षांनी त्यांनी आणि मॅथ्यू स्प्रिग्ज यांनी हीच चाळणी पूर्व पॉलिनेशियाला लावली. बऱ्याचशा प्राचीन तारखा गळून पडल्या.

मग १९९६ मध्ये उंदीर आले. रिचर्ड होल्डवे यांनी ‘किओरे’ या पॅसिफिक उंदराच्या हाडांचं वय जवळपास दोन हजार वर्षं असल्याचं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. किओरे हजारो किलोमीटर पोहून येऊ शकत नाही. तो होडीतूनच आला असणार, म्हणजे माणूसही आला असणार. तर्क बिनतोड, फक्त हाडांवरची तारीख शंकास्पद. या वादाची बारा वर्षं मला सगळ्यांत रंजक वाटतात, कारण तो सुटला तो उंदरांच्याच दातांनी. जॅनेट विल्मशर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दलदलीच्या गाळातून किओरेनं कुरतडलेल्या बिया काढल्या. बी एका मोसमाची असते, शतकांची उधारी तिच्यावर नसते. दातांच्या खुणा म्हणजे उंदीर हजर असल्याची सही. यांतली एकही बी इ. स. १२८० च्या फार आधीची निघाली नाही. होल्डवेंच्या जागांवरची हाडं पुन्हा तपासली, तीही तशीच निघाली. हे २००८ मध्ये छापून आलं.

२०११ मध्ये याच मंडळींनी पूर्व पॉलिनेशियातल्या किमान ४५ बेटांवरच्या १,४३४ तारखा चाळल्या. सोसायटी बेटांवर वस्ती १०२५ ते ११२० च्या दरम्यान, आणि तिथून हवाई, रापा नुई (ईस्टर बेट), न्यूझीलंड हे सारं ११९० ते १२९० या एका शतकात. रापा नुईवर थोर हायरडाल यांच्या मोहिमेनं मिळवलेली इ. स. ४०० च्या आसपासची तारीख वर्षानुवर्षं पुस्तकांत होती. तिचा आधार होता खंदकातल्या कोळशाचा एकच नमुना.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे आगमन स्मिथ यांच्या १३५० पासून किती दूर आहे? तीन पिढ्या. म्हणून स्मिथ बरोबर होते असं म्हणता येणार नाही. त्यांचं गणित चुकीचंच होतं आणि कुपेची तारीख तर तीन शतकांहून अधिक मागे गेली. श्रेय द्यायचंच तर ते त्या जाणत्यांना द्यावं लागेल, ज्यांनी कागदाशिवाय वीसेक पिढ्या नीट मोजून ठेवल्या होत्या.