तांब्याभर पाणी

पंढरपूर सोडून मंगळवेढ्याकडं निघालं की हळूहळू झाडं विरळ होतात आणि काळं रान सुरू होतं. मालदांडी ज्वारीचं हे रान. पाऊस सरताना पेरायची, मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर वाढवायची, माघ-फाल्गुनात काढायची. वैशाखात तिथं बघण्यासारखं काही नसतं. धसकटं, कडब्याच्या गंजी आणि पायाचा पंजा आत जाईल एवढाल्या भेगा. मोटारीतल्या माणसाला हे रान अर्ध्या तासाचं. सायकलवाल्याला ते अंगावरून काढावं लागतं. चाकात हवा बेतानं भरायची, डोक्याला ओलं उपरणं बांधायचं, एवढं शहाणपण मी बरोबर घेतो. पण बाटलीतलं पाणी दहाला चहासारखं होतं आणि अकराला संपतं. मग रस्त्याकडच्या वस्त्या बघायच्या.

अशाच एका वस्तीवर म्हातारीनं तांब्या भरून दिला. नाव विचारलं नाही, जातही नाही. आपल्याकडं हे सांगावं लागतं. "अजून घ्या की, उनातनं आलाय," म्हणत दुसरा दिला. आतून सून म्हणाली, "आत्याबाई, रांजणाला तळ लागलाय." म्हातारी म्हणाली, "लागू दे. पाण्याला कुणी न्हाई म्हणतंय व्हय?" सून काही बोलली नाही. डोक्यावर चुंबळ ठेवली, दोन घागरी घेतल्या आणि बांधाबांधानं चालू लागली. मी म्हणालो, घागरी सायकलला अडकवून आणून देतो. म्हातारीला ते आवडलं नाही. "पावणं हायसा. पाणी प्या न् सावलीला बसा."

बसलो. पण त्या पाण्याचं पुण्य कुणाचं, हे काही सुटेना.

मंगळवेढा हे दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं, ही कथा घराघरांत माहीत आहे. कोठार त्यांचं नव्हतं, तरी आपण त्यांनाच दानशूर म्हणतो, आणि मलाही ते बरोबर वाटतं. माणसं मरत असताना धान्य कुणाचं हे बघत बसायचं नसतं. पण कथेत पुढं विठोबा विठू महार होऊन जातो आणि बादशहाची रक्कम चुकती करतो. म्हणजे कथा रचणाऱ्यालाही ठाऊक होतं की दिलेल्याची भरपाई कुणाला तरी करावी लागते.

वस्तीवर ती भरपाई सून करते. म्हातारीचं मन मोठं होतं, यात शंका नाही. तिनंही ऐन उमेदीत सासूच्या शब्दाखातर अशाच खेपा केल्या असतील, ७२ च्या दुष्काळात तर कितीतरी. तिचा हात सैल आहे तो त्या खेपांच्या जोरावर, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या दिवशीची खेप मात्र दुसरीच्या डोक्यावर होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. पाणी नाकारलं असतं तर म्हातारीचा अपमान झाला असता, आणि तहान तर खरीच होती.

आता वस्तीवर गेलो की तांब्या हातात घेतानाच विचारतो, "पाणी कुठनं आणता?" हातपंप दारात असला तर पोटभर पितो, बाटलीही भरून घेतो. आड लांब असला तर घोटभर पितो आणि पुढच्या गावापर्यंत सायकल दामटतो.